चार नंबरचं किट

"तीन दिवसांत नाही व्हायचं ताई. मला दहा दिवस पाहिजेत," करुणा म्हणाली.

"दहा दिवस? आंदण देऊ का कॅमेरा तुला?" मी म्हटलं. "बाहेरची पाटी वाच. एक किट, तीन दिवस. तुझ्यासारखे पंधरा जण नाव लावून बसलेत."

तेव्हा मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात माध्यम कक्ष सांभाळत होते. नाव मोठं, खोली एवढीशी. जुन्या मासिकांच्या दालनाला लागून, तळमजल्यावर. मुलांना आता प्रकल्प नुसता कागदावर चालत नव्हता. चित्रं, आवाज, नकाशे सगळं जुळवून पडद्यावर दाखवायचं होतं. म्हणून ग्रंथालयानं एडिटिंगचे तीन कॉम्प्युटर, आवाज रेकॉर्ड करायची एक कोंदट खोली आणि कॅमेऱ्याची सहा किटं घेतली होती. किट म्हणजे एक काळी बॅग. तिच्यात कॅमेरा, दोन बॅटऱ्या, चार्जर, कॉलरला लावायचा माइक, हेडफोन आणि मेमरी कार्ड. पुस्तकासारखंच द्यायचं, पुस्तकासारखंच परत घ्यायचं. हे काम माझं. उज्ज्वला देवणीकर, माध्यम सहायक, अकरा महिन्यांच्या करारावर.

करुणा बिडवे जनसंवाद विभागात शेवटच्या वर्षाला होती. सडपातळ पोरगी, खांद्याला कायम ती एकच कापडी पिशवी. काउंटरवरून हलेना.

"बाबांचा आवाज घ्यायचाय, ताई."

"मग घे की! बाबा काय पळून चाललेत?"

"त्यांच्या घशाचं ऑपरेशन आहे," ती म्हणाली. "कॅन्सर आहे. स्वरयंत्रच काढणार आहेत. त्यानंतर त्यांना बोलता येणार नाही. कधीच."

माझी जीभ मेली अशीच आहे. आधी चालते, मग पस्तावते. मी खुर्ची ओढून तिला बसायला सांगितलं, तेव्हा कुठं कळलं की तिचे बाबा म्हणजे किशनराव बिडवे. आमच्या एसटी स्टँडवरचे कंट्रोलर.

बाई गं! या गावात ज्यानं म्हणून कधी एसटी पकडली त्याला तो आवाज पाठ होता. बाकीच्या स्टँडवर गाड्या पुकारतात त्या नाकातून, समोरच्यावर उपकार केल्यासारख्या. बिडवे मात्र घरातल्या माणसाला जेवायला बोलवावं तसे गाडी पुकारायचे. मी कॉलेजात होते तेव्हा एकदा भर स्टँडवर त्यांनी माइकवरून सांगितलं होतं, "हिरव्या ओढणीवाल्या ताई, तुमचा डबा बाकड्यावर राहिला, घेऊन जावा." सगळा स्टँड हसला होता आणि मी लाजून चूर झाले होते.

करुणाचा प्रकल्पही झकास होता. पडद्यावर स्टँडचा नकाशा दिसणार. फलाटावर टिचकी मारली की त्या फलाटाची गाडी बाबांच्या आवाजात पुकारली जाणार. बाकड्यावर टिचकी मारली की बाबा त्या बाकड्यावरची एखादी गोष्ट सांगणार. कोण कुठून पळून आलं, कुणाचं लग्न तिथंच ठरलं, असं सगळं. आणि कोपऱ्यातली त्यांची केबिन उघडली की घरच्या गोष्टी. तिची आई ती चार वर्षांची असताना गेली. आईबद्दल जे काही ठाऊक होतं ते एकट्या बाबांना.

मी माझ्या जबाबदारीवर तिला चार नंबरचं किट दहा दिवसांसाठी दिलं. माइक कॉलरला कसा लावायचा, वाऱ्याची घरघर येऊ नये म्हणून त्यावर फोमची टोपी कशी चढवायची, सगळं माझ्या हातानं दाखवलं. एरवी मी एवढी कुणाच्या मागे लागत नाही.

पाचव्या दिवशी ती धावतच आली आणि माझ्या कानांना हेडफोन लावला. आवाज जरा घोगरा झालेला, पण तोच. "अहमदपूर, लोहामार्गे नांदेड, फलाट नंबर तीन. चढा निवांत, रेटारेटी करू नका. आजीला आधी चढू द्या." मला गलबलून आलं, खरंच सांगते.

"हे कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचंय, ताई."

"आता गं कसं?" मी म्हटलं. तिन्ही कॉम्प्युटर चादरींखाली झाकलेले होते. पुढच्या बुधवारी विद्यापीठाची तपासणी करायला समिती यायची होती, म्हणून खोलीला रंग काढणं चाललं होतं. "समिती जाऊ दे. मग बस निवांत. तोवर राहू दे कार्डातच, कुठं जातंय?"

घरी कॉम्प्युटर नव्हता तिच्या. फोन होता तोही बटणांचा. ती बरं म्हणाली आणि गेली.

सोमवारी आमचे ग्रंथपाल उत्तरवार सर दारात उभे राहिले. "देवणीकर, बुधवारी सहाही किटं टेबलावर मांडलेली पाहिजेत. सामान पुरं, बॅटऱ्या भरलेल्या, कार्डं कोरी. आणि समितीला दाखवायला प्रत्येक कार्डात आपल्या ग्रंथालयाची फिल्म भरून ठेवा. त्यांनी कुठलाही कॅमेरा उचलला तरी चालू झाला पाहिजे."

"होऊन जाईल सर."

"तुमच्या कराराचा कागदही याच आठवड्यात माझ्याकडे येतोय," जाता जाता ते म्हणाले. धमकी नव्हती ती. पण मी तिथंच बोटांवर महिने मोजले. नवरा औरंगाबादला, पोरगी दुसरीत, आणि या गावात माझ्यासारखीला दुसरं काम कुठलं?

मंगळवारी करुणाची मुदत संपत होती. त्याच सकाळी तिनं बाबांना दवाखान्यात दाखल केलं आणि तशीच किट परत करायला आली. मी तेव्हा वर सरांच्या बैठकीत होते. ती बॅग माझ्या काउंटरवर ठेवून परत गेली.

आता माझी कामाची पद्धत सांगते, कारण सगळं तिथंच घडलं. प्रत्येक बॅगेत एक छापील चिठ्ठी असायची. कॅमेरा एक, बॅटरी दोन, चार्जर एक, अशी यादी. परत करताना मुलांनी खुणा करायच्या, मग मी सामान बघून माझी खूण करायची. नंतर कार्डातलं सगळं आठ दिवसांसाठी मोठ्या डिस्कवर उतरवायचं आणि मगच कार्ड पुसायचं. हा नियम माझाच, मीच भिंतीवर लावलेला. पण डिस्क एक नंबरच्या कॉम्प्युटरला जोडलेली, आणि तो चादरीखाली. माझ्या टेबलावरच्या नोंदींच्या जुन्या मशीनमध्ये एवढं मावायचं नाही. मी म्हटलं, एका दिवसानं काय होतंय? ज्याला पाहिजे त्यानं घेतलंच असेल. आणि एकीनं घेतलेलं नाही हे मला माहीत होतं की! मीच तर सांगितलं होतं, राहू दे कार्डातच म्हणून. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात समितीशिवाय काही शिरतच नव्हतं.

सहा बॅगा, सहा चिठ्ठ्या. भराभर खुणा केल्या. सहा कार्डं एका बशीत काढली, एकामागून एक माझ्या टेबलावरच्या मशीनमध्ये घालून पुसली, आणि प्रत्येकात ग्रंथालयाची फिल्म काठोकाठ भरली. इमारत, बाग, कुलगुरूंचं स्वागताचं भाषण. तासाभरात सगळं चकाचक. वर आणखी स्वतःवरच खूश होऊन मी दोन कप चहा प्यायले.

बुधवारी दुपारी एकला समिती जेवायला गेली. मी चिठ्ठ्या फाइलला लावत होते. चार नंबरची चिठ्ठी हातातून निसटली आणि उलटी पडली. मागं निळ्या शाईत लिहिलं होतं.

"ताई, यातलं मी अजून काहीच उतरवलेलं नाही. कार्ड तेवढं बाजूला काढून ठेवा, प्लीज. बाबांचं ऑपरेशन गुरुवारी सकाळी आठला आहे. ते झालं की येते. करुणा."

मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. पुसलेलं परत मिळवायची एक युक्ती असते, पण वर नवीन काही भरलेलं नसलं तरच. आणि मी तर दाबून भरलं होतं.

मग सुचलं की गुरुवार उद्या आहे. आज बुधवार. बिडव्यांचा आवाज आज आहे! किट समोर टेबलावर आहे, दवाखाना रिक्षानं वीस मिनिटांवर आहे. मी जाऊन तिचे पाय धरते, चूक सांगते, आणि संध्याकाळपर्यंत बसून जेवढं जमेल तेवढं पुन्हा रेकॉर्ड करू. दहा दिवसांचं दोन-तीन तासांत होणार नाही, पण काहीतरी होईल. आईच्या गोष्टी तरी होतील.

मी धावत सरांकडे गेले. "सर, एक किट मला दोन तासांसाठी बाहेर न्यायचंय."

"आज?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "देवणीकर, डोकं ठिकाणावर आहे ना? चार वाजता समिती तुमच्याच खोलीत येतेय."

"सर, जरा अर्जंट..."

"उद्या न्या, परवा न्या, आठ दिवस न्या. आज नाही."

कशासाठी पाहिजे, ते मी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर त्यांनी दिलंही असतं. माणूस वाईट नव्हता तो. पण कारण सांगायचं म्हणजे आधी कार्ड पुसल्याचं सांगायचं, नियम मोडल्याचं सांगायचं, तेही समिती आवारात असताना आणि कराराचा कागद टेबलावर येणार असताना. माझी छाती झाली नाही. मी "बरं सर" म्हणून खाली आले.

चारला समिती आली. एका बाईंनी नेमका चार नंबरचाच कॅमेरा उचलला, बटण दाबलं, कुलगुरूंचं भाषण सुरू झालं. "व्हेरी गुड, फार नीटनेटकं ठेवलंय," त्या म्हणाल्या. सरांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मी हसले. आरशात बघितलं नाही, पण ते हसू कसं दिसलं असेल ते मला अजून कळतं.

सव्वापाचला सगळे गेले. मी रजिस्टर उघडून करुणाचा नंबर लावला. अजून उशीर झालेला नव्हता. माझ्याकडे किट होतं, रिक्षा दारात मिळत होती.

"ताई! मी तुम्हालाच फोन करणार होते," तिचा आवाज दमलेला पण मोकळा होता. "बॅग मिळाली ना? चिठ्ठी बघितली ना मागची?"

"हो, बघितली."

"कार्ड बाजूला काढलं ना?"

आता सांगायचं, असं मी मनाशी म्हणत होते. हे वाक्य संपलं की सांगायचं.

"काढलंय," मी म्हटलं. "काळजी करू नकोस."

माझ्या तोंडून ते कसं गेलं ते मला आजही सांगता येणार नाही. मागून किशनरावांचा आवाज आला, "कोण आहे गं?" ती म्हणाली, "लायब्ररीच्या ताई." "दे इकडं, मी बोलतो," असं म्हणत त्यांनी फोन घेतला.

"ताई, नमस्कार. लई उपकार झाले बघा तुमचे. आमच्या पोरीनं दहा दिवस नुसतं डोकं खाल्लं माझं. पर बरं झालं. सगळं बोलून टाकलं मी. तिच्या आईचं, तिच्या बारशाचं. पुढं तिचं लग्न ठरंल, तवा काय बोलायचं ते बी बोलून ठेवलंय. तिला नाही ऐकू दिलं ते, बाहेर घालवलं होतं तिला." ते हसले आणि हसता हसता खोकले. "आता उद्या बोलती बंद झाली तरी चिंता नाही. तुमच्याकडं आहे म्हणजे कुलपात असल्यासारखंच."

"आराम करा, काका," मी म्हटलं.

फोन ठेवला. खोलीला कुलूप लावलं आणि घरी गेले. गुरुवारी सकाळी आठ वाजता मी पोरीची वेणी घालत होते. रिबन बांधता बांधता घड्याळाकडे लक्ष गेलं आणि माझे हात थांबले. "आई, दुखतंय, सोड ना," ती म्हणाली, तेव्हा कळलं की मी तिचे केस घट्ट धरून ठेवलेत.

आठ दिवसांनी करुणा आली. त्या आठ दिवसांत मी काय केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. ती चिठ्ठी बारीक फाडून टाकली. चार नंबरच्या कार्डातली ग्रंथालयाची फिल्म काढून ते कोरं केलं आणि पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं, वर तिचं नाव लिहून.

"बाबा कसे आहेत?" मी विचारलं.

"बरे आहेत. गळ्याला भोक ठेवलंय, त्यातून श्वास घेतात. बोलायला जातात नि मग त्यांना आठवतं." ती समोर बसली. "ताई, ते कार्ड द्या. आधी तेच लावते. त्यांना घरी नेलं की ऐकवायचंय."

मी पाकीट उघडलं, कार्ड मशीनमध्ये घातलं आणि पडदा तिच्याकडे फिरवला. रिकामा.

"दुसरं कार्ड असेल," ती म्हणाली.

"तेच आहे. तुझी चिठ्ठी बघितली तशी मी बाजूला काढून ठेवलं होतं. उघडलंसुद्धा नव्हतं."

"मग गेलं कुठं?"

तिथं मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. कार्ड बिघडतात, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मला भीती होती की ती खोदून विचारेल, विभागात जाईल, सर बोलावतील. म्हणून मी अगदी काळजीच्या सुरात विचारलं, "करुणा, कॅमेरा चालू असताना बॅटरी काढली नव्हतीस ना?"

ती आठवू लागली. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"दवाखान्यातून फोन आला होता," ती म्हणाली. "बेड रिकामा झालाय, लगेच या म्हणून. मी घाईघाईत सगळं बॅगेत कोंबलं. बॅटरी... हो, काढली होती बहुतेक. रेकॉर्डिंगचा लाल दिवा चालू होता का, आठवत नाही. त्यानं सगळं जातं का, ताई?"

"कधी कधी जातं," मी म्हटलं.

एवढंच. ती रडली नाही. कार्ड हातात घेऊन उलटसुलट करून बघत बसली. मग म्हणाली, "आता बाबांना काय सांगू?" आणि उठून गेली. मी तिच्या माथी खापर फोडलं होतं आणि तिनं ते मुकाट्यानं घेतलं होतं.

करार झाला माझा. सहीचा कागद घेऊन सर स्वतः खाली आले, पेढा देऊन गेले.

करुणा रोज यायला लागली. दोन नंबरच्या कॉम्प्युटरवर बसायची. नकाशा तयार झाला, फलाट झाले, बाकडी झाली. आवाजाच्या जागी ती अक्षरं घालत होती. आठवतील तशा बाबांच्या गाड्या टाइप करायची. "अहमदपूर, लोहामार्गे नांदेड." ती वाळून काटकी झाली होती. मी डब्यातलं काही पुढं केलं की "भूक नाही ताई" म्हणायची. तिची मैत्रीण मला एकदा म्हणाली, "घरी रोज बाबांची माफी मागते म्हणे. ते हातानं नको नको करतात, तरी मागते. शिक्षण सोडते म्हणतेय."

मला ते ऐकवेना. पण सांगवतही नव्हतं.

महिना झाला असेल. दुपारची वेळ, करुणा त्या दिवशी आली नव्हती. दारात एक गृहस्थ उभे राहिले. स्वच्छ पांढरा शर्ट, गळ्याभोवती सुती रुमाल. मी ओळखलं आणि उभी राहिले. किशनरावांनी हात जोडले, खुर्चीत बसले, खिशातून छोटी वही काढली आणि लिहायला लागले. अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक वेळी वही फिरवून माझ्यापुढं धरायचे.

"करुणाला सांगू नका मी आलो ते."

"नाही सांगत, काका."

"ती स्वतःला खाते आहे. माझा आवाज तिनं घालवला म्हणते. जेवत नाही."

मी मान खाली घातली. त्यांनी पुन्हा लिहिलं, यावेळी बराच वेळ.

"आवाज गेला त्याचं मला काही नाही. तीस वर्षं बोललो, पुष्कळ झालं. पोरगी राहिली पाहिजे. तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्ही तिला सांगा की कार्ड तुमच्या हातून पुसलं गेलं."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना कळलंय का? नाही. त्या डोळ्यांत तसलं काही नव्हतं. ते वही पुन्हा ओढून लिहीत होते.

"खोटं बोलायला लावतोय, माफ करा. मीच बोललो असतो, पण तुझी चूक नाही असं लिहून दिलं तर ती म्हणते, बाबा, हे तुम्ही माझ्यासाठी लिहिलंय. तिला दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकू द्या. ती तुमच्यावर रागावेल. तेवढं सोसाल का?"

"काका," मी म्हटलं. "काका, ते खोटं नाही..."

त्यांनी भुवया वर केल्या. गळ्यातल्या रुमालातून श्वासाचा आवाज येत होता. बोलायची सवय अजून गेली नव्हती. ओठ हलले, पण शब्द आला नाही. मी त्या ओठांकडे बघितलं आणि माझं धैर्य पार गळालं.

"सांगते," मी म्हटलं. "सांगते मी तिला."

ते उठले. वाकून त्यांनी मला नमस्कार केला, माझ्या बापाच्या वयाच्या माणसानं. मग वहीतली ती पानं जपून फाडली, घडी करून खिशात घातली, कुठं करुणाच्या हाती लागू नयेत म्हणून. दारात थांबून पुन्हा एकदा हात जोडले.

त्या रात्री मला झोप नाही. पण मनाशी एक ठरलं होतं. देवानंच वाट काढून दिली असं वाटत होतं. खरं बोलायचं, आणि पोरगी सुटेल. रागावली तर रागावू दे, तक्रार केली तर करू दे.

दुसऱ्या दिवशी करुणा आल्या आल्या मी खोलीचं दार लोटून घेतलं.

"करुणा, इकडे बस. मला तुला काही सांगायचंय." मी माझी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "तुझ्या हातून काही झालेलं नाही. बॅटरीचं काही नाही. कार्ड मी पुसलं. समितीच्या आदल्या दिवशी सहाही कार्डं मी एकदम पुसली. तुझी चिठ्ठी मागच्या बाजूला होती, मी उलटून बघितलीच नाही. दुसऱ्या दिवशी बघितली. तुला फोन केला तेव्हा मला माहीत होतं. भ्यायले मी, म्हणून खोटं बोलले. सगळं माझ्याकडून झालंय."

बोलले एकदाची. महिन्याभरात पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला. ती ओरडेल, रडेल, उठून जाईल, कशालाही मी तयार होते.

करुणा माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच हसली. किती दिवसांनी हसली ती!

"काल बाबा आले होते ना इथं?" ती म्हणाली.

मी दचकले. "कोण म्हणालं?"

"आत्ता गेटवरच्या वहीत सही करताना वरच्याच पानावर त्यांची सही दिसली. मला सांगून गेले होते, देवळात चाललोय म्हणून." तिनं माझा हात हातात घेतला. "ताई, खरं सांगा. त्यांनीच सांगितलं ना तुम्हाला, असं म्हणा म्हणून?"

मला "नाही" म्हणायचं होतं. पण त्यांनी सांगितलं होतंच की! वहीत लिहून, हात जोडून सांगितलं होतं. तिनं जे विचारलं त्याचं खरं उत्तर एकच होतं. आणि त्या उत्तरापाठीमागं माझी नोकरी, माझं नाव, उत्तरवार सरांनी दिलेला पेढा, सगळं सुखरूप राहणार होतं. हेही मला त्याच क्षणी कळलं. कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

"हो," मी म्हटलं.

"वाटलंच मला." तिचे डोळे भरून आले. "वेडे आहेत बाबा. आणि तुम्हीसुद्धा. माझ्यासाठी एवढं सगळं जुळवून सांगितलंत. चिठ्ठी काय, फोन काय!" तिनं ओढणीनं डोळे पुसले. "तुमच्यासारखं कुणी नाही हो, ताई. पण नका घेऊ स्वतःवर. घाई माझीच झाली."

अकरा वर्षं झाली या गोष्टीला. नंतर मी कायम झाले, आता त्या खोलीत बारा किटं आहेत. मला फक्त आणखी एकदा म्हणायचं होतं, "नाही गं, खरंच मी." दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर कदाचित तिनं ऐकलंही असतं.

मी तिच्या हातातून हात सोडवून घेतला. ती दोन नंबरच्या कॉम्प्युटरकडे वळली आणि तीन नंबरच्या फलाटाची गाडी टाइप करायला लागली.